अर्थिंग नवीन केलं, तरी शेडमधल्या नळाला झिणझिण्या: पुढचा खड्डा खणण्याआधी काय तपासाल

तक्रार साधारण अशी असते. घराच्या मागे किंवा थोड्या अंतरावर एक शेड आहे: गोठा, पंपघर, वर्कशॉप, वेगळं न्हाणीघर, काहीही. तिथल्या नळाला, पत्र्याच्या दाराला किंवा वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. पावसात जास्त, कोरड्या दिवसांत कमी. अनवाणी असलं तर हमखास, चप्पल असली तर कधीतरीच. वायरमन येतो, खड्डा खणतो, नवीन रॉड ठोकतो, कोळसा-मीठ घालतो. काही दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग दुसरा खड्डा.

माझं मत स्पष्ट आहे: या तक्रारीत खड्डा सगळ्यात शेवटी बघायचा. दोष बहुतेक वेळा जमिनीच्या वर असतो. कुठेतरी अर्थची वायर तुटलेली असते, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात, नाहीतर एकाच माणसाच्या दोन हातांच्या अंतरात दोन वेगळी अर्थिंग आलेली असतात. यातलं काहीही रॉड बदलून सुटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हाताला झटका बसत असेल, स्नायू आखडत असतील किंवा कुठे ठिणगी दिसली असेल, तर पुढचं वाचू नका. मेन स्विच बंद करा, त्या वस्तूपासून सगळ्यांना लांब ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. बोर्ड किंवा सॉकेट उघडायचं काम मेन बंद करून, आणि खरंच बंद झालंय हे मीटरने तपासूनच. चालू लाइनवर मोजमाप करायची सवय नसेल तर तेही वायरमनकडूनच करून घ्या. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्या.

झिणझिण्या कुठून येतात

हवेतल्या कोरडेपणामुळे बसणारा स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो आणि संपतो. लाइनचा करंट चालूच राहतो. उपकरणाच्या धातूच्या अंगावरून बोट अलगद ओढलं की पृष्ठभाग थरथरतोय किंवा खरखरीत आहे असं वाटतं, ती लाइनची खूण.

साधारण अर्धा मिलिअँपिअर करंट माणसाला जाणवू लागतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ३० च्या वर करंट काही क्षण टिकला तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतं. झिणझिण्या म्हणजे या मापातली अगदी खालची पायरी. पण करंट इतका कमी का आहे, हा खरा प्रश्न. उपकरणच तेवढा सोडतंय म्हणून कमी असेल, तर एक गोष्ट. चप्पल कोरडी होती एवढ्यानेच कमी असेल, तर पाय ओले झाल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

उपकरणाकडून येणारा करंट बहुधा फिल्टरचा असतो. वॉशिंग मशीन, संगणक, मायक्रोवेव्ह अशा वस्तूंमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थ नीट असेल तर त्यांतून जाणारा किरकोळ करंट अर्थमधून निघून जातो आणि कुणाला कळतही नाही. अर्थ तुटला की बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध तरंगते. २३० व्होल्टच्या लाइनवर ती साधारण ११५ व्होल्टवर येते. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून जास्तीत जास्त ०.३४ मिलिअँपिअर जातो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. पण एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार-पाच उपकरणं असतील आणि त्या बोर्डाचाच अर्थ तुटला असेल, तर सगळ्यांची बेरीज हात लावणाऱ्याच्या वाट्याला येते. अशा वेळी उपकरण बदलून काही होत नाही. उपकरणात दोष नसतोच.

पहिला तपास: मेन बंद केल्यावर काय होतं

हा तपास फुकटचा आहे आणि बहुतेक जण करतच नाहीत. पूर्ण घराचा मेन बंद करा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील. इन्व्हर्टर आणि सोलर असेल तर तेही बंद. मग नळ आणि जवळची ओली जमीन यांच्यात व्होल्टेज मोजा. मीटरची एक वायर नळाला, दुसरी काही पावलांवर जमिनीत खोचलेल्या लोखंडी सळीला. हात लावून बघू नका.

मेन बंद असतानाही व्होल्टेज तसंच राहिलं, तर ते तुमच्या वायरिंगमधलं नाही. मेन स्विच अर्थची वायर तोडत नाही, त्यामुळे बाहेरच्या न्यूट्रलवरचं व्होल्टेज किंवा शेजारच्या घरातला फॉल्ट अर्थच्या वायरीने किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपने तुमच्यापर्यंत पोचू शकतो. इथे वीज पुरवठा करणाऱ्यांकडे तक्रार करायची, तीही तातडीची, कारण बाहेर न्यूट्रलचा जोड सैल होत चालल्याचं ते लक्षण असू शकतं. घरातले दिवे एकीकडे मंद आणि दुसरीकडे प्रखर होत असतील तर शंका आणखी पक्की.

मेन बंद केल्यावर व्होल्टेज गेलं, तर एकेक एमसीबी चालू करत जा. कुठल्या सर्किटला ते परत येतं ते कळलं की अर्धं काम झालं.

सॉकेटवरचे तीन आकडे

शेडमधल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मोजमापं घ्या, तीही एखादं जड उपकरण चालू असताना.

२३०, जवळपास तेवढंच, आणि एक ते तीन व्होल्ट असे आकडे आले तर निदान सॉकेटपर्यंत अर्थ पोचतोय. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही शंभराच्या आसपास आले तर अर्थची वायर मध्येच तुटली आहे आणि पिन हवेत तरंगतेय. साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहमच्या घरात असल्याने तो नुसत्या शेजारून गेलेल्या वायरीचंही व्होल्टेज दाखवतो. म्हणून शक्य तर लो-झेड मोड (ज्यात मीटरचा अंतर्गत रोध कमी होतो) असलेला मीटर वापरा. त्यात असं भुताटकीचं व्होल्टेज लगेच कोसळतं, खरं असेल तर टिकतं. पेनासारख्या टेस्टरचा दिवा लागला किंवा नाही लागला यावरून तर कुठलाच निष्कर्ष काढू नका.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: भार चालू असूनही, मेन बोर्डापासून लांबच्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थमध्ये चक्क शून्य. भाराचा करंट वाहताना न्यूट्रलच्या वायरीत थोडं तरी व्होल्टेज पडायला हवं. ते दिसत नसेल तर कुणीतरी सॉकेटच्या मागेच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारला असण्याची दाट शक्यता आहे. अर्थची वायर ओढायचा कंटाळा आला की हा उद्योग होतो आणि तपासणीत सगळं झकास दिसतं. त्या सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा एक स्क्रू सैल झाला की उपकरणाच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, तेही उपकरणात कसलाही बिघाड नसताना. असा लूप सापडला तर तो सॉकेट त्याच क्षणी बंद करा. उद्यावर ढकलू नका.

बल्ब टेस्टबद्दलही बोलायलाच हवं. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम, ही पद्धत अजून जोरात चालते. हिशोब करून बघा. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम. अर्थिंग १ ओहमचं असो की २० ओहमचं, डोळ्याला फरक दिसत नाही. १०० ओहम असलं तरी बल्बला १९० व्होल्टच्या वर मिळतात आणि तो पेटतोच. आणि रॉडची वायर तुटलेली असेल तर बल्बमधून आलेला फेज अर्थच्या वायरीने सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर पसरतो. त्या वेळी आत कुणी फ्रिज उघडत असेल तर? ही टेस्ट करूच नका आणि करू देऊ नका.

तुटलेली वायर सापडते कुठे

मेन बंद करून, मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीपासून शेडमधल्या अर्थ पिनपर्यंत एक लांब वायर टाकून रोध मोजा आणि त्यातून त्या लांब वायरीचा रोध वजा करा. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरमागे ७.४ मिलिओहम असतो, म्हणजे २० मीटरला ०.१५ ओहम. तुमच्या मीटरवर दोन-तीन ओहम आले किंवा वायर हलवली की आकडा नाचायला लागला, तर मध्ये कुठेतरी जोड सडलाय.

शेडच्या बाबतीत माझा पहिला संशय आर्मर्ड केबलच्या ग्लँडवर, म्हणजे केबल बोर्डात शिरते तिथे तिला आवळून धरणाऱ्या धातूच्या तुकड्यावर. बऱ्याच ठिकाणी केबलच्या पोलादी आवरणालाच अर्थ म्हणून वापरलेलं असतं आणि ते आवरण बोर्डाशी जोडलं जातं फक्त ग्लँडच्या दाबाने. बोर्डाचा रंग खरवडलेला नसतो, टॅग (अर्थची वायर जोडायची धातूची चकती) घातलेला नसतो, चेकनट हाताने फिरतो. दमट हवेत तिथे गंज चढला की अर्थ गेला. रंग खरवडून, टॅग घालून, त्यावरून हिरवी-पिवळी वायर थेट अर्थ पट्टीला नेली की प्रश्न मिटतो. त्याखालोखाल तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून केलेले जोड, आणि शेडला मुळात दोन-कोर केबलच ओढलेली असणं. दोन-कोर निघाली तर तपास तिथेच संपला: केबल बदला.

रॉडकडून काय अपेक्षा ठेवायची

१०० ओहम-मीटर रोधकतेच्या बऱ्यापैकी मातीत ३ मीटर लांब, १६ मिलिमीटर जाडीचा रॉड उत्तम ठोकला, तरी सूत्राने त्याचा रोध येतो साधारण ३३ ओहम. आता समजा पंपाचं वाइंडिंग बॉडीला टेकलं आणि परतीचा रस्ता फक्त हा रॉड आणि माती आहे. करंट किती जाईल? २३० भागिले ३३, म्हणजे ७ अँपिअर. सर्किटचा १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी लगेच पडायला (आपोआप बंद व्हायला) ८० ते १६० अँपिअर लागतात. ७ अँपिअर हा त्याच्या दृष्टीने नेहमीचा भार. तो पडणार नाही, आणि पंपाची बॉडी दोनशेहून जास्त व्होल्टवर तशीच राहील. सगळं बंद ठेवूनही मीटर पळतो अशी तक्रार असेल तर कधी कधी कारण हेच असतं.

१६० अँपिअर हवे असतील तर संपूर्ण फेऱ्याचा रोध १.४ ओहमच्या आत लागतो. मातीतून हे जमवणं घरगुती कामात जवळपास अशक्य आहे, कितीही कोळसा घाला. ते जमतं तांब्याच्या परतीच्या वायरीने, जिथे पुरवठ्याबरोबरच अर्थ येतो. आणि जिथे फक्त स्वतःचा रॉड आहे, तिथे आरसीसीबीला पर्याय नाही, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत फरक पडला की लाइन तोडणाऱ्या स्विचला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर बॉडीचं व्होल्टेज ५० च्या वर जाण्याआधी तो पडायला १,६६७ ओहमचा रॉडही गणिताने पुरतो. प्रत्यक्षात एवढा रोध ठेवू नये, कारण तो ऋतूप्रमाणे बदलत राहतो. पण १,६६७ आणि १.४ यांतलं अंतर बघा, म्हणजे पैसा खड्ड्यात घालायचा की बोर्डात ते कळेल.

आरसीसीबी आहे, पण सारखा पडतो

मग लोक तो काढून टाकतात, आणि झिणझिण्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. फिल्टरवाली पुष्कळ उपकरणं एकाच आरसीसीबीवर असतील तर नेहमीची गळतीच ९-१० मिलिअँपिअरपर्यंत जाते आणि जरा दमट दिवस पुरतो. उपाय सर्किटं वाटून देण्याचा. ३० च्या जागी १०० चा बसवला की पडणं थांबतं खरं, पण माणसाचं संरक्षणही जातं. १०० किंवा ३०० चा, उशिरा पडणारा एस टाइप आरसीसीबी घराच्या टोकाला ठीक आहे, शेडमध्ये त्याच्यापुढे ३० चा असेल तरच.

गीझर तापल्यावर काही मिनिटांनी पडत असेल तर एलिमेंटच्या आवरणाला तडा जाऊन आत ओल शिरलेली असते. गीझर लाइनपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, १ मेगाओहमच्या खाली आला तर एलिमेंट बदला. कुठलंही उपकरण लावलं तरी पडत असेल तर शेडमध्ये कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. किंवा एका आरसीसीबीचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असं वायरिंग झालंय. इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन किंवा ड्राइव्हवर चालणारा पंप असेल तर एसी टाइपचा (फक्त साध्या एसी गळतीला पडणारा) आरसीसीबी चालत नाही. मशीनला निदान ए टाइप हवा. ड्राइव्हला कुठला ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, कधी कधी बी टाइपच लागतो.

टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे त्याची यंत्रणा चालू आहे, एवढंच. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलचा असमतोल तयार करतं. अर्थिंग मुळीच नसलं तरी ते काम करतं.

शेडमध्ये दोन अर्थिंग

पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तक्रारींचं मूळ मला सगळ्यात जास्त इथे दिसतं. घराचा अर्थ केबलबरोबर शेडमध्ये आला. मग झिणझिण्या येतात म्हणून शेडला वेगळा रॉड ठोकला आणि तो फक्त मोटरला जोडला. शेडचा लोखंडी सांगाडा जमिनीत रोवलेला, त्याचा स्वतःचा तिसरा अर्थ. पाण्याचा पाइप घरातून आलेला. आता मोटर, नळ आणि खांब या तिघांची पातळी वेगळी. माणसाला शॉक बसतो तो दोन धातूंमधल्या फरकाचा, एकट्या धातूच्या व्होल्टेजचा नाही. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही ते याचमुळे. अर्थिंग जितक्या ठिकाणी वेगवेगळं, तितके फरक जास्त.

उपाय बाँडिंगचा: शेडमधले हाताच्या पल्ल्यातले मोठे धातू, म्हणजे सांगाडा, बाहेरून आलेले लोखंडी पाइप आणि उपकरणांच्या बॉडी, सगळे एकाच अर्थ पट्टीला जोडायचे. मग फॉल्टमध्ये पातळी चढली तरी सगळ्यांची एकदम चढते. जोड तपासताना ०.०५ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. प्लॅस्टिकच्या पाइपवरच्या धातूच्या नळाला मात्र बाँडिंगची गरज नसते, उलट त्याला उगाच अर्थशी जोडून ठेवू नये. शंका असेल तर लाइन बंद ठेवून त्या धातूचा अर्थ पट्टीशी असलेला रोध मेगरने मोजा. २२ किलोओहमच्या वर असेल तर त्यातून १० मिलिअँपिअरही जाऊ शकत नाही, त्याला एकटं सोडा. (२३० व्होल्ट भागिले १० मिलिअँपिअर म्हणजे २३ किलोओहम, त्यातून माणसाच्या अंगाचा १ किलोओहम वजा.) ओल्या जागी याहून कडक माप लावतात.

आता अवघड भाग. तुमच्याकडे पुरवठ्याच्या एकाच वायरीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र येत असतील, म्हणजे टीएन-सी-एस पद्धत असेल, तर घराचा अर्थ शेडपर्यंत न्यावा का? ती एकत्र वायर बाहेर कुठे तुटली तर घरातले सगळे अर्थ केलेले धातू फेजच्या पातळीकडे चढतात. घराच्या आत सगळं एकमेकांशी बाँड केलेलं असल्याने माणूस बराचसा वाचतो. शेडमध्ये तो ओल्या मातीवर उभा असतो आणि हात नळावर. हा फॉल्ट आरसीसीबीला दिसत नाही, आणि दिसून तो पडला तरी उपयोग नाही, कारण आरसीसीबी अर्थची वायर तोडत नाही. म्हणून मातीची किंवा ओली जमीन आणि उघडे धातू असलेल्या शेडला मी टीटी, म्हणजे स्वतःच्या रॉडवरचं स्वतंत्र अर्थिंग, करायला सांगतो. घराचा अर्थ शेडच्या दाराशी थांबवायचा, केबलचं पोलादी आवरण घराच्या टोकालाच अर्थ करून शेडच्या टोकाला प्लॅस्टिक बॉक्समध्ये वेगळं ठेवायचं. शेडला स्वतःचा रॉड, स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, स्वतःचं बाँडिंग.

एवढं करूनही तक्रार उलटली तर जमिनीखालचा लोखंडी पाइप बघा. घरात बाँड केलेला पाइप सरळ शेडमध्ये येत असेल तर तुम्ही दाराशी थांबवलेला अर्थ तो मागच्या वाटेने आत आणतो. मध्ये काही मीटर प्लॅस्टिकचा पाइप टाकला की वाट बंद.

गुरं असतील तर जास्त काळजी. पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर मोठं, खूर ओले, अंगाचा रोध माणसाहून कमी. माणसाला काहीच जाणवत नाही तिथे जनावर पाण्याच्या हौदाशी जायला बिचकतं किंवा दूध काढायच्या जागी पाऊल टाकत नाही. तिथे जमिनीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालून ती सांगाड्याशी बाँड करतात. जाळी नसेल तर निदान हौद, गव्हाणीचे पाइप आणि खांब एकमेकांना जोडा.

आणि आता खड्डा

रॉडचा रोध मोजायचा तर त्याला बाकीच्या वायरिंगपासून सोडवून, मेन बंद ठेवून, तीन खुंट्यांच्या पद्धतीने (एक रॉड स्वतः, बाकी दोन ओळीत ठोकलेल्या). मधली खुंटी लांबच्या खुंटीच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. क्लॅम्प टेस्टर एकट्या रॉडवर चालत नाही, त्याला करंट फिरायला दुसरी वाट लागते. आकडा वाईट आला तर रॉड जाड करू नका, खोल न्या. लांबी दुप्पट केली तर रोध साधारण ४० टक्के उतरतो, जाडी दुप्पट केली तर जेमतेम दहा. दुसरा रॉड टाकायचा तर पहिल्यापासून निदान रॉडच्या लांबीइतका दूर, नाहीतर दोन्ही एकाच मातीवर जगतात. मीठ पावसाबरोबर वाहून जातं आणि जाताना जोड खातं. नव्या खड्ड्याचे ‘काही दिवस बरे’ बहुतेक त्या मिठाचे आणि ओतलेल्या पाण्याचे असतात.

झिणझिण्या फक्त वीज गेल्यावर, जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असतानाच येत असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याचं न्यूट्रल बघा. ते कुठेच अर्थला जोडलेलं नसेल तर फॉल्टच्या करंटला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी स्वस्थ बसतो. न्यूट्रल-अर्थचा जोड त्या स्रोतापाशीच, बॅकअप चालू असतानाच लागेल आणि लाइन आल्यावर सुटेल असा चेंजओव्हरमध्ये करून घ्यावा लागतो. कायमचा जोड मारला तर लाइन आल्यावर आरसीसीबी पडत राहील.